लेथवर काकणं चालत नाहीत

माझ्या दोन्ही हातांना मिळून दहा बोटं आहेत, आणि नोकरीतली कमाई म्हणून दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे. गोवा मुक्तीनंतर डिचोली तालुक्यात खाणी वाढत गेल्या. त्यातल्याच एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मी टर्नर म्हणून लागलो आणि मशीन शॉपचा मास्तर म्हणून निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, मास्तरांनी माणसं घडवली. साफ खोटं. मी शाफ्ट घडवले, बुश घडवले, पिना घडवल्या. माणसांवर मी फक्त ओरडलो. ज्यांनी ऐकलं त्यांची बोटं शाबूत राहिली. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचीही बहुतेकांची शाबूत राहिली, आणि त्याचं श्रेय त्यांनी आपापल्या ग्रामदेवतेला दिलं.

लेथ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुंभाराचं चाक उभं करून माणसाच्या कमरेच्या उंचीवर बसवलं की झाला लेथ. लोखंडाचा तुकडा चकात धरायचा. चक म्हणजे तीन दात असलेला गोल जबडा, तो चावीनं आवळायचा. चक फिरतो, त्याच्याबरोबर लोखंड फिरतं, आणि धारदार टूल बाजूनं पुढं सरकवलं की लोखंडाची साल निघत जाते. त्या सालीला आम्ही कीस म्हणतो. सगळी अक्कल टूल किती आणि कसं पुढं न्यायचं यात, आणि सगळा धोका फिरणाऱ्या भागात. कुंभाराच्या चाकाला हात लागला तर हात मळतो. इथं चकाला दोरा सापडला, बाही सापडली, केस सापडले, तर तो ते गुंडाळत जातो आणि मागोमाग माणूस येतो. लोखंड कुठं संपलं आणि हात कुठं सुरू झाला, हे मोटरला कळत नाही.

म्हणून पहिल्या दिवशीचा धडा ठरलेला. चकात चावी विसरायची नाही, चक हातानं थांबवायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत, बाही कोपराच्या वर, आणि मनगटात-बोटात काही नको. इथपर्यंत सगळे माना डोलवत. मग मी म्हणे, 'आता काढा.' तिथं गाडी अडायची. पेडणे-डिचोलीकडच्या माणसाच्या अंगावर एखादा तरी देव बांधलेला असतोच. कुणाला देवीचा दोरा, कुणाला गंडा, कुणाला मामानं दिलेलं चांदीचं कडं. 'मास्तर, हो देवीचो दोरो. हो काडूंक जायना.' मी म्हणे, मग देवीलाच लेथवर उभी कर, तुझ्यापेक्षा बरं काम करील. असं बोलल्याबद्दल माझ्यावर एकदा गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं होतं, असं मागाहून कळलं.

खंडेनवमीला तर माझं डोकं उठायचं. त्या दिवशी मशीनं धुऊनपुसून त्यांची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, चणे-खोबरं वाटलं जायचं. सगळं छान. पण हार कुठं घालणार? तर चकाला. कारण चक म्हणजे मशीनचं तोंड, आणि हार तोंडाकडेच घालतात. मी दरवर्षी सांगे, शेपटाकडे घाला, तिथं काही फिरत नाही. 'देवाच्या शेंपडेक हार घालतात, मास्तर?' असा उलट सवाल. पूर्वी निदान हार केळीच्या सोपात, म्हणजे सुकवलेल्या सालीच्या दोरीत, ओवलेले असत, हिसडा बसला की तुटत. एका वर्षी बाजारातला हार आला, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे सर्वांत जुने टर्नर बाबुसो यांनी हार तसाच ठेवून लेथ सुरू केला. कारण पूजेचा हार आपण काढायचा नाही, तो आपसूक सुकून पडायला हवा. दोऱ्यानं बाबुसोंच्या हातातलं फडकं पकडलं, चकानं फडकं गिळलं, आणि सुदैवानं फडकं जुनं होतं म्हणून फाटलं. बाबुसो पांढरेफटक पडून म्हणाले, 'देवान राखलो.' मी म्हणालो, 'फडक्यान राखलो.' पुढच्या वर्षी हार पुन्हा चकालाच.

गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. टिपरवाले, म्हणजे खनिजाच्या ट्रकांचे ड्रायव्हर, हातात तुटलेली पिन घेऊन येत आणि दारातूनच म्हणत, 'मास्तर, पांच मिंटांचां काम.' तिकडे मुरगाव बंदरात बोट उभी, इकडे नदीत तिच्यासाठी खनिज नेणारी बार्ज भरायची थांबलेली, साहेबांचे फोनवर फोन. अशा वेळी माणूस घाई करतो आणि घाईत हात पुढं जातो. मी अशा गिऱ्हाइकाला आधी बाहेरच्या बाकावर बसवून चहा पाजत असे. लोक म्हणत, मास्तर आळशी आहे.

हे सगळं एकीकडे आणि शालन एकीकडे. चिडचिडीत माझी अर्धी नोकरी गेली असं मी म्हणतो, पण तिच्या पायी जेवढा चिडलो तेवढा कुणाच्याच पायी चिडलो नाही.

शालन इब्रामपूरची सून. नवरा रोहिदास आमच्याच खाणीवर टिपर चालवायचा. एकदा भरलेल्या टिपरवर ताडपत्री बांधताना तो वरून खाली आला आणि पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही उरलं नाही. कंपनीनं त्याच्या बायकोला वर्कशॉपमध्ये झाडलोटीला घेतलं. तिचं काम आमच्या लेथखालचा कीस गोळा करून पिंपात टाकायचं. तिशीच्या आतली, सडसडीत, फारसं न बोलणारी बाई. दोन्ही हातांत मात्र कोपराच्या खाली गच्च भरलेली हिरवी काकणं. ती आली की दिसायच्या आधी ऐकू येई.

एकदा बाबुसोंच्या लेथखाली झाडता झाडता ती थांबली आणि मला म्हणाली, 'मास्तर, ह्या टुलाची धार गेल्या. आवाज बदल्लो.' बाबुसो हसले. मी टूल काढून पाहिलं, तर धार खरंच गेली होती. टूल बोथट झालं की आवाज जाडा होतो, हे मला कळायला दोन वर्षं लागली होती. या बाईला झाडू मारताना कळलं. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, 'विळी बोथल्ली काय अशीच आवाज करता.'

त्याच सुमारास आमचा एक टर्नर कुवेतला गेला आणि जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, वर्कशॉपमधल्या कुणीही तीन महिन्यांत शिकून परीक्षा द्यावी. मुरगावच्या मोठ्या वर्कशॉपमधले इंजिनिअर परीक्षा घेतील, पास होईल तो कायम. कायम नोकरीचा अर्थ शालनला माझ्याआधी समजला होता. कायम कामगाराच्या घरच्यांचं औषधपाणी कंपनीकडे असे. रोहिदासच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या बऱ्या होत नव्हत्या, आणि पणजीच्या डॉक्टरांनी त्याला दर महिन्याला दाखवायला आणा म्हणून सांगितलं होतं. हंगामी झाडूवालीच्या नवऱ्याला दर महिन्याला पणजीला कोण नेणार?

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 'मास्तर, माका शिकयतात?'

मी म्हणालो, 'शिकवतो. काकणं काढ.'

'काकणां काडूंक जावचीं नात. दुसरां कितां तां सांगा.'

दुसरं काय सांगणार? मी तिला फाइलिंगला लावलं. आमच्या धंद्यात नवा माणूस आधी महिनाभर कानस घासतो. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा घ्यायचा आणि हातानं घासून सहाही बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या. भलेभले पोरगे याला कंटाळून पळतात. शालननं तीन आठवड्यांत असा ठोकळा आणून दिला की गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावला तर कुठूनही उजेड दिसेना. मग टूलला धार लावायला शिकली, व्हर्निअर वाचायला शिकली, लेथचे सगळे दांडे तोंडपाठ केले. मशीन बंद ठेवून. चालू मशीनजवळ मी तिला येऊ देत नव्हतो. रोज ती विचारी आणि रोज मी म्हणे, काकणं.

माझी बाजू ऐका. सोन्याची बांगडी सापडली तर हात ओढते. काचेची सापडली तर फुटते आणि मनगटाच्या शिरेत घुसते. दोन्ही मी पाहिलं नव्हतं, पण पाहायचं नव्हतं म्हणूनच तर ओरडत होतो. आणि तिचीही बाजू मला कळत नव्हती असं नाही. आमच्याकडे लग्नाआधी काकणकार घरी येऊन मुलीच्या हातात चुडा भरतो. तो एकदा भरला की बाईच्या हातून उतरतो तो नवरा गेल्यावरच. नवरा धडधाकट असता तर ती कदाचित तयार झालीही असती. पण तो असा खाटेवर पडलेला, आणि त्याच वेळी ही हात उघडे करणार? गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मला हे सगळं कळत होतं आणि त्यामुळेच मी जास्त चिडत होतो. ज्याची चूक आहे त्याच्यावर ओरडणं सोपं असतं.

तिनं उपाय शोधायला सुरुवात केली. पहिला उपाय, लावणीच्या वेळी बायका करतात तसा. काकणं कोपराकडे चढवून वरून फडक्यानं बांधायची. मी म्हणालो, म्हणजे काकणांच्या जोडीला फडकं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'बाबुसोच्या बोटांत आंगठी आसा, ती तुमका दिसना?' मी वळून पाहिलं तर होती. वीस वर्षं मला दिसली नव्हती. बाबुसोंना मी बेसिनपाशी उभं केलं, अर्धा साबण झिजवला, तेव्हा कुठं ती निघाली. बाबुसो आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग तिनं जे केलं ते मी आजही लोकांना सांगतो. खनिज चाळायच्या जुन्या चाळणीची एक जाळी भंगारात पडली होती. ती तिनं कापली, वाकवून अर्धगोल केली, कडेनं पत्रा लावला, वेल्डरला टाके मारायला लावले आणि बिजागरीवर चकाच्या डोक्यावर बसवली. जाळी खाली घेतली की चक झाकला जाई, आतलं काम मात्र दिसे. एवढ्यावर थांबली नाही. बिजागरीला तिनं एक पट्टी जोडली. जाळी वर असली की ती पट्टी मशीन सुरू करायच्या दांड्यासमोर आडवी येई. म्हणजे चक उघडा असताना मशीन सुरूच होणार नाही. चकात चावी विसरायचा प्रश्नही आपोआप मिटला, कारण चावी असली तर जाळी खाली बसणार नाही. एवढी वर्षं मी घसा फोडून जे सांगत होतो ते या बाईनं भंगारातून करून दाखवलं.

मी जाळी दहा वेळा वरखाली केली. छातीत भरून आलं, खोटं कशाला बोलू? मग ती म्हणाली, 'आतां जाता मगो मास्तर? काकणां चकाकडे पावतलींच नात.'

मी म्हणालो, 'नाही.'

कारण लेथ म्हणजे एकटा चक नव्हे. पुढच्या बाजूला लांबलचक आट्यांचा, मोठ्या स्क्रूसारखा दांडा फिरत असतो, पॉलिश करताना हात कामाजवळ न्यावाच लागतो, गरम कीस उडतो तो काकणांत अडकतो. हे सगळं मी तिला समजावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, 'तुमका माका पास करूंकच नाका.' आणि पिंप उचलून बाहेर गेली. बाबुसोंना तेवढंच हवं होतं. 'बायलेक जाळी, बायलेक शिकवणी. हांव पंचवीस वर्सां चकाक हात लावन थांबयतां, माका कोणें जाळी दिली?' मी त्यांच्यावर असा ओरडलो की बाहेरच्या बाकावरचा टिपरवाला चहा टाकून पळाला.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. रविवारी मी स्कूटर काढली आणि इब्रामपूर गाठलं. जाताना स्वतःलाच शिव्या घालत होतो. लोकांच्या बायकांची काकणं हा माझ्या कामाचा भाग कधीपासून झाला?

घर लहान, सारवलेलं. रोहिदास आतल्या खोलीत खाटेवर, खिडकीकडे तोंड करून. त्याची आई उंबऱ्याशी बसलेली, म्हातारी, कपाळ मोकळं, हात मोकळे. शालननं चहा आणि उंडो, आमच्याकडचा गोल पाव, आणून ठेवला आणि ती दाराआड उभी राहिली. मी एकटा बोलत होतो. लेथ म्हणजे काय, चक म्हणजे काय, हात कसा ओढला जातो, सगळं. म्हणालो, कामावर आल्यावर काढायची आणि निघताना घालायची, रस्त्यात कुणाला दिसायचंही नाही. रोहिदास छताकडे बघत होता. तो काहीच बोलेना तेव्हा माझा तोल गेला आणि मी म्हणालो, 'काही होत नाही रे काढल्यानं. मी सांगतो ना. काही होणार नाही.'

विरोध झालाच तर म्हातारीकडून होणार, या तयारीनं मी गेलो होतो. म्हातारी सुनेकडे बघून म्हणाली, 'काकणां हातांत आसतानाच पडलो मगे तो. तेन्नां कितां केलां काकणांनी?'

मग रोहिदास म्हणाला, 'काडूं दी तिका, मास्तर. पूण घराकडे येताना घालून येवं दी.'

म्हातारीनं अट घातली. हात अगदी उघडा नको, मनगटाला हळदीचा दोरा बांधायचा. मी जवळजवळ खुर्चीतून उठलो. 'दोरा नको! सगळं चालेल, दोरा नको!' शेवटी तडजोड झाली. काकणं काढली की मनगटाला हळदीचं बोट लावायचं. त्याला माझी हरकत नव्हती. हळद चकात अडकत नाही.

काकणकाराकडून तिनं एक माप मोठी काकणं भरून घेतली, रोज निघावीत म्हणून. बेसिनपाशी तिचा स्वतःचा साबण. टूलच्या कपाटातला खालचा खण तिचा, त्यात एक फडकं अंथरलेलं, त्यावर काकणं आणि हळदीची डबी. तीन आठवडे ती लेथवरून हलली नाही. परीक्षेला मुरगावचे इंजिनिअर आले. पायऱ्यापायऱ्यांचा शाफ्ट, एका टोकाला आटे आणि त्यावर बसणारा नट असं काम दिलं. तिनं नट शाफ्टवर ठेवला आणि एका बोटानं फिरवला, तो शेवटपर्यंत गेला. इंजिनिअर पास म्हणाले आणि मग जाळीपाशी जाऊन पंधरा मिनिटं ती वरखाली करत राहिले. महिन्याभरात आमच्या सगळ्या लेथना तशा जाळ्या बसल्या. बाबुसोंच्या लेथवरची मी स्वतः बसवली, ते त्या दिवशी रजेवर होते.

नंतर ती माझ्याच डोक्यावर बसली. काम हातात आलं की आधी दोन मिनिटं नुसती बघत राही, आणि मग असं काही करी की मी आधी ओरडे आणि मग वहीत उतरवून घेई. एकदा मला न विचारता भंगारातल्या शाफ्टचा तुकडा आणि दोन जुने बेअरिंग घेऊन काहीतरी करत बसली. विचारलं तर म्हणे, मागाहून सांगतां. पितळी बुश, त्यात फिरणारी दांडी, वर आकडा. ती दांडी तिनं घरी खाटेच्या वर वाशाला टांगली. रोहिदास ती धरून, कुणाच्या मदतीशिवाय, उठून बसू लागला. पाठीच्या जखमा त्यानंतर सुकल्या. कंपनीचं भंगार बाहेर नेलं म्हणून मी तिला मेमो देणार होतो, देणारच होतो. मग घरी जाऊन दांडी पाहिली आणि मेमो दिला नाही.

रोज सकाळी आठला मी लेथच्या रांगेतून फेरी मारत असे. बाही, चप्पल, चावी, फडकं. शालनपाशी आलो की विचारायचो, 'काकणं काढलीस?' ती मनगटं वर करी, हळदीचा ठिपका दाखवी आणि म्हणे, 'काडलीं, मास्तर.' तिनं एकदाही विसरून घातलेली नव्हती, आणि मी एकदाही विचारायचं सोडलं नाही. चार वर्षं असं चाललं. बाबुसो म्हणत, ह्या दोगांचो मंत्र.

पाचव्या वर्षी एका दुपारी गेटवरून निरोप आला. इब्रामपूरच्या दुकानातून फोन आला होता. रोहिदासला सकाळपासून ताप होता, दुपारी गेला. साहेबांनी जीप काढायला सांगितली. मी शालनपाशी गेलो. तिच्या चकात मोठा जॉब होता, अर्धा झालेला. मी म्हणालो, 'शालन, घरी जा. रोहिदासला बरं नाही.' तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

मी शिकवलं होतं त्याच क्रमानं तिनं सगळं केलं. टूल मागं घेतलं, मोटर बंद केली, चक आपला आपण थांबेपर्यंत वाट पाहिली. ब्रशनं कीस काढला. मग बेसिनपाशी जाऊन हात धुतले, खण उघडला आणि एकेक काकण हातात चढवू लागली. बाहेर जीप उभी होती. मी म्हणालो, 'अगं, असू दे आता, ड्रायव्हर थांबलाय.' ती थांबली नाही. आधी डावा हात, मग उजवा. सगळी घालून झाल्यावर म्हणाली, 'घराकडे काडतले मास्तर. हंयच्यान उगड्या हातांनी कशी वचूं?' आणि गेली. मी उघडा खण बंद करायलाही विसरलो.

'काही होणार नाही' हे माझे शब्द. ताप काकणांनी आला नाही आणि काकणांनी थांबला नसता, हे मला कळतं. म्हातारीलाही कळत होतं. तरी पुढचे पंधरा दिवस मी नव्यांना दोरे काढायला सांगितलं नाही, त्यांना बंद मशीनवरच ठेवलं. मशीननं घोव खाल्लो, नवरा खाल्ला, असं गावात कुणीतरी म्हणालं म्हणे. ते मी शालनच्या कानावर जाऊ दिलं नाही, पण गेलं असणारच.

दिवसकार्य उरकून ती परत आली त्या सकाळी काय बोलायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं. रजा हवी असेल तर घे, असं म्हणणार होतो. लेथवर नको असेल तर तपासणीच्या टेबलावर बस, असंही म्हणणार होतो. आठचा भोंगा झाला. मी रांगेतून निघालो. बाही, चप्पल, चावी, फडकं. तिच्यापाशी आलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'काकणं काढलीस?'

बाजूच्या लेथवर बाबुसोंचा हात दांड्यावर तसाच राहिला.

शालननं दोन्ही मनगटं वर करून मला दाखवली. हळदही नव्हती.

'काडलीं, मास्तर,' ती म्हणाली, आणि जाळी खाली घेऊन तिनं मशीन सुरू केलं.